कानाला टोचणारा सूर

बोईसरला माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा एक जण कारखान्यात धडधडणाऱ्या कॉम्प्रेसरपाशी काम करतो. रविवारी शिरगावहून आईने पाठवलेला सुका जवळा उकळून त्यात रामेन नूडल्स शिजवतो आणि सुर्र करत ओढतो. मग इलेक्ट्रिक गिटारचा, तारांचा सूर पकडणारा पिकअप उघडून त्याची तांब्याची तार नव्याने गुंडाळत बसतो. वाजवून म्हणतो, "अजून कानाला टोचतंय."

हल्ली त्याचं सुर्र भिंतीतूनही ऐकू येतं. दारातून हाक मारली, तर तो वळत नाही.

परवा त्याने मला समोर बसवलं, अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण वाढवला आणि गिटारीला हनुवटी टेकवून तारा छेडल्या.

"आता टोचत नाय ना?"

"नाय," मी म्हटलं. गिटारीची वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचीच राहिली होती.