गाडीवरचा डबा

लग्नानंतर सहा वर्षं मी आग्र्यात काढली, आणि त्या काळात आग्र्याला माझ्याइतकी नावं दुसऱ्या कुणी ठेवली नसतील. यजमान रेल्वेत, माझं माहेर दौंडच्या रेल्वे कॉलनीत. नव्वदीतले दिवस, घरी फोन नव्हता. दर पंधरवड्याला माहेरी आंतर्देशीय पत्र लिहायचं आणि त्यात आग्र्याची धुलाई करायची, हा माझा एकमेव छंद. पाणी खारट. ऊन भाजून काढणारं. माकडानं वाळत घातलेलं पातळ पळवलं. दोन वर्षं रिक्षावाले मला ताजमहाल बघायला आलेली बाई समजून संगमरवराच्या दुकानात नेऊ बघायचे, आणि मी भाजीची पिशवी नाचवत "हमकू घर जाने का है" म्हणून त्यांच्याशी भांडायचे. हे सगळं तिखटमीठ लावून पत्रात जायचं.

काय जायचं नाही, तेही सांगते. थंडीत सकाळी शेजारीण भिंतीवरून गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी द्यायची. ती खाताना मला माहेराची आठवणसुद्धा येत नसे. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं की लांबवर ताजमहालाचा घुमट दिसायचा. कपडे वाळत घालायला म्हणून मी दिवसातून तीनदा वर जायचे. एवढे कपडे आमच्याकडे नव्हतेच. पण हे लिहिलं असतं तर माझी कीव कोणी केली असती?

पाचव्या वर्षी आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं पत्र आलं. रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन म्हणून निवृत्त झाल्यावर ते सोबत्यांबरोबर वैष्णोदेवीला निघाले होते. गाडी आग्र्यावरूनच जाणार होती. उतरण्याचं पत्रात नावही नव्हतं. शेवटी फक्त दोन शब्द होते, 'गाडीवर ये.'

गाडीवर ये म्हणजे डबा घेऊन ये, हे दौंडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे उत्तरेला जाणारी गाडी आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात. तोवर गाडी निवांत उभी. तेवढ्यात पाहुण्याला बोगीत बसून वाढायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि रिकामा डबा फलाटावरच्या नळाला विसळून घरी यायचं. लहानपणापासून मी हेच करत आले होते.

मी भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी घेऊन आग्रा स्टेशनावर गेले. आप्पा खिडकीतच होते. मी बोगीत चढले, ऐसपैस बसले, ताटली काढली.

"आगं, उतर खाली. गाडी सुटंल," आप्पा म्हणाले.

"आप्पा, इंजिन तर फिरू द्या," मी म्हणाले.

बाप पॉइंट्समन, नवरा रेल्वेत, पाच वर्षं स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर घर. आणि आग्र्याला या गाडीचं इंजिन फिरत नाही, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. पिठलं वाढेपर्यंत गाडी हलली. आप्पांचे सोबती पोट धरधरून हसले. आता थेट मथुरा.

तासभर हाती होता. मी म्हणाले, "आप्पा, येताना उतरा की. ताजमहाल दाखवते."

आप्पा भाकरी मोडत राहिले. "न्हाई उतरायचो."

"का?"

"पाच वर्सं तुजी पत्रं वाचतोय. जिथं माजी लेक रडती ते गाव मला बघायचंच न्हाई. तुज्या आईला सांगून आलोय, खिडकीतनंबी बघनार न्हाई म्हनून."

माझी मलाच लाज वाटली. मी लाडानं केलेली रड हा माणूस पाच वर्षं दौंडात बसून खरी मानत होता, आणि माझ्या वतीनं एका अख्ख्या शहरावर रुसून बसला होता.

"तसं काय न्हाई आप्पा. मी जरा वाढवून लिव्हलं."

"मंग माकडानं पातळ न्हाई नेलं?"

"नेलं. पर दुसऱ्या गच्चीवर टाकून दिलं."

"आन् पानी?"

"खारटच हाय. सवय झाली."

आप्पांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे बहुतेक नाहीच. मथुरेला मी रिकामा डबा घेऊन उतरले आणि मिळेल त्या गाडीनं परतले. यजमानांनी तो किस्सा पुढं महिनाभर ऑफिसात पुरवला.

आठ दिवसांनी परतीची गाडी होती. पहाटे उठून मी भरलं वांगं केलं, भाकऱ्या थापल्या, डबा काढला आणि परत फळीवर ठेवला. डबा नेला की आप्पा बोगीतच जेवणार आणि तसेच दौंडला जाणार. मी मोकळ्या हातांनी स्टेशनावर गेले आणि खिडकीखाली उभी राहिले.

"चढ की वर," आप्पा म्हणाले.

"आता न्हाई चढायची. एकदा मथुरा बघितली."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "डबा कुठं हाय?"

"आणला न्हाई."

"मंग जेवान?"

पाच वर्षं पत्रांमध्ये मी त्या जागेला कधी 'इथली खोली' म्हटलं होतं, कधी 'हे क्वार्टर'.

"घरी हाय," मी म्हणाले.

आप्पांनी वाकून बाकाखालची आपली पिशवी ओढली.