सिस्टरांचा जिना

आमच्या इमारतीचा जिना नऊ वर्षं सिस्टरांनी पुसला. करारनाम्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की जिना, पॅसेज आणि गच्चीची झाडलोट मालकाने करायची. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, त्यामुळे आयुष्यात दुसरं काही नाही तरी कलमं नीट वाचतो. मालकांनीही ते वाचलं होतं, पण "करायची म्हणजे होतेय ना, ते बघायचं," असा त्यांनी अर्थ लावला होता. महिन्यातून एकदा येत, कठड्यावरून बोट फिरवत आणि विचारत, "दाखवा बरं, घाण कुठाय?" घाण नसायचीच. ती सकाळीच सिस्टरांच्या बादलीतून मोरीत गेलेली असायची.

सिस्टर राहतात तिसऱ्या मजल्यावर. मोठ्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची बारा वॉर्डाच्या मुख्य. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. भाऊ गेल्यावर वहिनीला सोबत घेऊन इथे आल्या. नोकरी संपली, पण वॉर्ड काही त्यांच्या अंगातून गेला नाही. जिन्यात भेटल्या की आधी तुमच्या चपला बघणार, मग चेहरा. आमच्या हिच्या हातून एकदा पायरीवर दूध सांडलं, तर सिस्टर फडकं घेऊन इतक्या तातडीने हजर झाल्या की ही बिचारी पिशवी तिथेच टाकून घरात पळाली.

यंदा मात्र त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले. ऑपरेशननंतर तीन महिने वाकायचं नाही, खाली बसायचं नाही आणि घसरायचं तर मुळीच नाही. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी दर दोन दिवसांनी जिन्यावर ओघळतं आणि वाळलं नाही की शेवाळतं. म्हणजे आता जिना दुसऱ्या कुणीतरी पुसायलाच हवा होता. नाहीतर नवे गुडघे घेऊन सिस्टरांनी दवाखान्यातच मुक्काम ठोकायचा.

मालकांना सांगितलं. "बघतो," म्हणाले. त्यांचं बघणं आम्हाला ठाऊक होतं. म्हणून मी पालिकेच्या कचेरीत लेखी तक्रार दिली. उत्तर आलं की पंधरा दिवसांनी, गुरुवारी अकराला तपासनीस येतील आणि जिना अस्वच्छ दिसला तर मालकांना माणूस नेमायला लावतील.

सगळे भाडेकरू सिस्टरांच्याच घरी जमलो. ठरलं की तोवर जिन्याला कुणी हात लावायचा नाही. मग सगळ्यांनी एकदम सिस्टरांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? नाही लावणार."

"वन्सं, शपथ घ्या," वहिनी म्हणाल्या. "गुडघे तुमचे आहेत की मालकांचे?"

शपथ झाली. तरीही खबरदारी म्हणून त्यांचा झाडू, बादली आणि फिनेलची बाटली मी आमच्या पलंगाखाली नेऊन ठेवली.

पुढच्या पंधरा दिवसांत जिन्याने असं रूप घेतलं की विचारू नका. केसांचे गुंतवळ, कांद्याची सालं, कबुतरांची कृपा, आणि पहिल्या वळणावर कुणाच्या तरी पिशवीतून गळलेलं काहीतरी, ज्यावर धुळीची साय धरली होती. खोटं कशाला बोलू, आम्हीही हातभार लावला. घाण न काढण्याचा ठराव झाला की माणूस किती मोकळा होतो! तळमजल्यावरचा ड्रायव्हर पायरीवर बसून शेंगा सोलायला लागला. मीही दोनदा जिन्यात पेन्सिलींना टोक काढलं. सिस्टर मात्र छताकडे बघत ये-जा करायच्या. त्यांचं जेवण निम्म्यावर आलंय, असं वहिनी सांगत होत्या.

गुरुवारी सकाळी मला फिनेलच्या वासाने जाग आली. पलंगाखाली पाहिलं, बाटली जागेवर होती. दार उघडलं तर काय! सिस्टर पायरी पायरी बसून खाली सरकत तळापर्यंत पोचल्या होत्या. हातात जुन्या चादरीचा बोळा, शेजारी फिनेलची नवी कोरी बाटली. मागे सगळा जिना लखलखत होता.

"सिस्टर, अहो हे काय केलंत?"

त्यांचा चेहरा पडला. "अकराला राउंड आहे ना," त्या म्हणाल्या. "साहेब येणार आणि वॉर्ड असा? नाही हो जमत मला, प्रूफवाले."

मला राग आला, मग कीव आली, मग पुन्हा राग आला. ड्रायव्हर म्हणाला, "अजून वेळ आहे, परत घाण करू." टरफलांची पिशवीही आणली त्याने. पण सिस्टर शेवटच्या पायरीवर बसून होत्या आणि त्यांच्यादेखत एक टरफल टाकायची कुणाची छाती होईना.

तपासनीस आले. मालकही सबबी घोकूनच आले असणार, कारण जिना बघून त्यांचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. मग मिटलं आणि नवीन वाक्यासकट उघडलं. "रोजच्या रोज करून घेतो, साहेब." साहेबांनी कोपरे पाहिले आणि कागदावर लिहिलं, 'स्वच्छता समाधानकारक. तक्रारीत तथ्य आढळले नाही.' त्याखाली एका भाडेकरूची सही हवी होती. मी हात मागे घेतले. कागद सिस्टरांपुढे गेला. त्यांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला.

"समाधानकारक लिहिलंय," त्या मला हळूच म्हणाल्या. "चौतीस वर्षांत कुणी नाही लिहिलं हो. काहीतरी खोट काढायचेच."

आणि त्यांनी सही केली, ठळक, घोटून. मला तिथेच रडू फुटलं असतं. मालक हसताना दिसले म्हणून वाचलो.

ऑपरेशन झालं. कोर्टात जायचं, वरच्या कचेरीत जायचं, अशा आमच्या गप्पा चालू असतानाच सोमवारी सिस्टरांना घरी सोडणार असल्याचा निरोप आला. जिना तर बुळबुळीत. रविवारी आम्ही मुकाट्याने मजले वाटून घेतले. सोमवारी सिस्टर वॉकर आणि कठडा धरून अठ्ठेचाळीस पायऱ्या चढल्या. पाऊण तास लागला, पण पाय कुठे सरकला नाही. वर पोचल्यावर वहिनी दाराला धरून रडल्या.

त्या रविवारपासून पहिल्या मजल्यापर्यंतचा जिना मी पुसतो. परवा उकिडवा बसून पुसत असताना मालक आले. ओल्या पायऱ्यांवर चपला उमटवत वर गेले, वळले आणि म्हणाले, "तो कोपरा राहिला बघा."

अंगाचा तिळपापड झाला. सहावं कलम अक्षरन्‌अक्षर त्यांच्या तोंडावर मारायला मी उठलोच होतो. पण आधी कोपऱ्याकडे पाहिलं. राहिला होता.