अंबाडीचा तंबू

आमचे हे बोलके गृहस्थ नव्हेत, हे आधीच सांगून टाकते. नाव सुरेश. पन्नाशी उलटलेली, केस गेलेले, आणि गेली एकोणीस वर्षं सौदीतल्या अल खफजीला समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर. अठ्ठावीस दिवस पाण्यात, अठ्ठावीस दिवस घरात. घरात असले म्हणजे असतातच असं नाही. आमची रेवा पुण्याला कॉलेजला गेली आणि माणूस जो गप्प झाला तो झालाच. भाजी कशी झालीय? हं. बरं वाटत नाही का? हं. त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं.

मी थकून गेले होते, खोटं कशाला बोलू. बाहेर बघावं तर धूळ, आत बघावं तर हे सोफ्यावर हातात रिमोट धरून बसलेले, आणि टीव्ही बंद. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणे मला काय झालंय.

एकदा फोनवर हे रेवाला सहज म्हणाले, अंबाडीची भाजी खाऊन किती वर्षं झाली गं. पोरीने ते लक्षात ठेवलं आणि जानेवारीत सुट्टीला येताना मूठभर बी घेऊन आली. झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात तंबूपुराण सुरू.

तंबू म्हणजे घरात झाडं वाढवायचा तंबू. बाहेरून काळं कापड, आतून चंदेरी, वर दिवा, एका बाजूला छोटा पंखा, पुढे चेन. इथल्या उन्हात बाल्कनीत काही जगत नाही, म्हणून आत. पण तंबू केवढा घ्यायचा? ह्यांनी आठवडाभर इंटरनेट पालथं घातलं. दोन बाय दोन फुटांत किती झाडं, चार बाय चारला दिवा किती वॅटचा, सगळे तक्ते तयार. फक्त ते सगळे तक्ते गांजाचे. जगात घरात झाडं लावणारे लोक बहुधा तेवढ्यासाठीच लावतात. मी म्हटलं, अहो, कुठल्या देशात बसून काय वाचताय, जरा भान ठेवा. तर म्हणे, ते गांजा लावतात, मी अंबाडी लावतो, माप तेच.

मग रेवाच्या खोलीत फरशीवर वर्तमानपत्रं चिकटवून झाली. हा दोन बाय दोन, हा दोन बाय चार, हा चार बाय चार. दोन दिवस मी त्या कागदांना वळसे घालून कपाटापर्यंत जात होते. दोन बाय दोन म्हणजे नुसती हौस, त्यात घरापुरती भाजी निघायची नाही. चार बाय चार घेतला तर कपाटाचं दार उघडायचं नाही. शेवटी दोन बाय चार ठरला. राहिली उंची. सहा-साडेसहा फुटांचा घेतला तर भिंतीवरच्या एसीचं तोंड झाकलं जातं, आणि खफजीच्या उन्हाळ्यात एसी झाकला म्हणजे कारभार आटोपला. म्हणून पाच फुटांचा घेतला. तक्त्यात लिहिलं होतं की तेवढ्यात झाडं आरामात मावतात.

मी म्हटलं, ती माणसं फांद्या वाकवून, बांधून ठेवत असतील. अंबाडी पुरुषभर वाढते. ह्यांना पटेना. पंचवटीत वाढलेला माणूस, अंबाडी पाहिली ती भाजीवालीच्या टोपलीत, जुडी बांधलेली. पालेभाजी ती, वाढून वाढून किती वाढणार? माझं माहेर येवल्याकडचं. आमच्या बांधावर अंबाडीची रांगच असायची, दादा तिचा वाख काढून दोर वळायचे. पण इंजिनीअरपुढे शेतकऱ्याच्या मुलीचं कोण ऐकतो. म्हणाले, वाढली तर खुडू.

आणि खुडलीही. मार्चच्या शेवटी पहिली भाजी केली. कण्या घातल्या, दाणे घातले, वरून लसणाची चरचरीत फोडणी. एक घास घेतला आणि हे बोलायला लागले. पंचवटीतली गल्ली, आईची चूल, कुठल्याशा मामाने ताटावरून उठून केलेलं भांडण. मला त्यातलं अर्धं माहीतही नव्हतं. रेवाला फोन लावून पाऊण तास बोलले. मी ओट्याशी उभी राहून भांडी घासायचं नाटक करत होते आणि डोळे पुसत होते. त्या तंबूने माझा माणूस मला परत दिला होता. मला बाकी काही नको होतं.

जूनमध्ये समुद्रावर जाताना चार झाडं राखून ठेवली. शेंडा खुडायचा नाही, बी धरायचंय, रोज पाणी, एसी चोवीस तास चालू, अशी यादी फ्रिजवर लावून गेले. रोज प्लॅटफॉर्मवरून फोन. आधी झाडं कशी आहेत, मग मी कशी आहे. मी काही मनाला लावून घेतलं नाही. निदान विचारत तरी होते.

पण अंबाडी ती अंबाडी. दहा दिवसांत शेंडे दिव्याला टेकून करपायला लागले. मी दिवा बाजूला केला, तंबूची चेन उघडली, तर फांद्या बाहेर आल्या. कोवळी असते तेव्हा हिची पानं साधी गोल असतात. मोठी झाली की पंजासारखी फाकतात, पाच-पाच, सात-सात बोटं, कडेला दाते. व्हिडिओ कॉलवर रेवाला दाखवली तर तिने फोन पानांच्या अगदी जवळ धरायला लावला. मग म्हणाली, "आई, हे विडसारखं, गांजासारखं दिसतंय. सीरियसली. कुणाला दाखवू नकोस."

ती अंबाडी आहे हे मला ठाऊक. पण पोलिसाला कसं ठाऊक असणार? काळा तंबू, वर दिवा, आत तशी पानं. गाव कुवेतच्या सीमेवरचं, इथे असल्या गोष्टींचा नुसता संशय आला तरी माणूस आधी आत जातो, खुलासा नंतर. अरबीत अंबाडीला काय म्हणतात तेही मला माहीत नाही. मी त्या सगळ्यावर बेडशीट टाकली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात त्या खोलीतला एसी बंद पडला. बाहेर सत्तेचाळीस डिग्री. झाडं संध्याकाळपर्यंत माना टाकणार, ह्यांचा फोन येणार, मी काय सांगू? देवाचं नाव घेतलं आणि मेंटेनन्सला फोन केला.

आला तो नरसिम्लू नावाचा, तेलंगणाकडचा मेकॅनिक. चाळिशीचा, काळासावळा, दारात बूट काढून आत आला. शिडी लावायला जागा करायची म्हणून मी काही म्हणायच्या आत त्याने बेडशीट उचलली. आणि थांबला. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग एक पान तोडलं, बोटांत चुरडून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. दुसरं एक पान तोडून शर्टाच्या खिशात ठेवलं. एसी चालू करून शिडीवरून उतरल्यावर विचारलं, हे कुणी लावलंय? मी म्हटलं, साहेबांनी. तो पुढे काहीतरी बोलणार होता. मी त्याला बोलूच दिलं नाही. एसीचं काम खलास? मग खलास, जाओ. असं तोडून बोलले मी, दार उघडून उभी राहिले. पाणीसुद्धा विचारलं नाही त्याला. जिन्यावरून त्याचा आवाज ऐकू आला, तेलुगूत फोनवर कुणालातरी घाईघाईने काही सांगत होता.

मला वाटलं, गेलं सगळं. पान खिशात घालून गेला म्हणजे पुरावा घेऊनच गेला की. ह्यांना प्लॅटफॉर्मवरून उचलतील, मला घरून. रेवाचं कॉलेज, एकोणीस वर्षांची नोकरी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. ह्यांना फोन करायचंही धाडस होईना, फोन कुणी ऐकत असला तर?

दुपारभर बसून मी ती चारही झाडं मुळासकट उपटली. खोडं वाखाने चिवट, कात्रीला दाद देईनात, सुरीने एकेक तुकडा केला. कळ्या धरल्या होत्या. चार काळ्या पिशव्या भरल्या आणि चार वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकून आले. भाजी करून ठेवावी एवढंही सुचलं नाही. मातीसुद्धा फेकली. मग तंबू पुसून काढला आणि त्यात रेवाचे जुने स्वेटर भरून ठेवले.

शुक्रवारी सकाळी बेल वाजली. भोकातून पाहिलं तर नरसिम्लू, बरोबर आणखी एक माणूस. वाटलं, पोलिसालाच घेऊन आला. पण दोघंच होते, आणि दोघांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते. नरसिम्लूच्या हातात स्टीलचा रिकामा डबा. मी साखळी न काढता दार उघडलं.

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, थोडा गोंगुरा मिलेगा? दो मुट्ठी बस. मैं रूम में बोला तो कोई माना नहीं, पत्ता दिखाया तब माने. एक आदमी तो रो दिया."

मला काही कळेना. मी विचारलं, गोंगुरा म्हणजे? तर तो सांगायला लागला. आंबट असतो मॅडम, लाल मिरची, तेल, लसूण, आई वाटायची, गरम भातावर. म्हणजे आमची अंबाडीच. सांगताना तो पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघत होता. एका खोलीत अकरा जण राहतात, म्हणाला. सात वर्षांत कुणी तोंडाला लावलेला नाही.

मी साखळी काढली. पण द्यायला होतं काय? मी म्हटलं, नाही, सगळं काढून टाकलं. तो म्हणाला, सगळं? मी मान हलवली. तर उलट तोच माझी समजूत घालायला लागला. कीड लागली असेल मॅडम, या हवेत टिकणं कठीणच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी हो म्हटलं, कीडच लागली. दोघं डबा घेऊन जिना उतरले.

फोनवर रोज झाडं बरी आहेत म्हणत होते, पण हे परत आल्यावर मात्र मला खोटं बोलवेना. बॅग खाली ठेवायच्या आधी हे खोलीत गेले, चेन उघडली, स्वेटर पाहिले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. रेवा काय म्हणाली, पान, खिसा, जिना, पिशव्या, डबा. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिले.

मग म्हणाले, "त्या माणसाने एका पानावरून ओळखली. अनू, तू तर अंबाडीत वाढलीस. तुला तिची भीती कशी वाटली?"

मी म्हटलं, एकोणीस वर्षं इथे राहिले, एवढंच.