दोन सीटांच्या गाडीतून वाईला

शनिवारी सकाळी कर्वेनगरहून निघालो, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, मला एकच सूचना केली. "गिअर हळू टाक. ही तुमची हिंजवडीची कंपनी बस नाही."

गाडी त्यांची. जुनी, इंग्लंडमध्ये बनलेली, दोनच सीटांची. अमेरिकेतून परतलेल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. ट्रकला ओव्हरटेक करायचं तर समोरून काही येतंय का, हे उजवीकडे बसलेल्या बाबांनी सांगायचं. मी विचारायची, "जाऊ का?" ते म्हणायचे, "बघतोय." तोवर मोकळा रस्ता संपलेला असायचा.

वाईला त्यांची थोरली बहीण, आक्का, राहायची. दुसऱ्या दिवशी ती मुलाकडे नाशिकला जाणार होती, कायमची. भावाच्या गाडीत बसायचं तिचं राहूनच गेलं होतं.

खेड शिवापूरच्या पुढे गाडीनं आचके दिले आणि बंद पडली. जरा थांबलो, की सुरू. शिरवळला पुन्हा तेच. बाबा इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. "फ्युएल पंप गेलाय," ते म्हणाले.

"पंप गेला तर परत सुरू कशी होते?"

"तू तुझं सॉफ्टवेअर बघ."

टपरीवर भजी घेतली. भजीवाल्या मावशींनी गाडीकडे बघून विचारलं, "पिट्रोल हाय का पण?" बाबांनी भजी अर्धीच टाकली.

खंबाटकीच्या चढावर तिसऱ्यांदा थांबलो. डोक्यावर ऊन, मागे ट्रकचे हॉर्न. खरंच पेट्रोल आहे ना, ते बघायला मी टाकीचं झाकण उघडलं, तर सूं करून हवा आत ओढली गेली. टाकीला श्वासच घेता येत नव्हता, म्हणून पेट्रोल इंजिनपर्यंत पोचत नव्हतं. या गाडीत टाकीतली पेट्रोलची वाफ एका नळीतून पुढे, ती शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाते आणि त्याच वाटेनं टाकीत हवा येते. बॉनेट उघडलं. डब्याच्या तोंडाशी कोळशाचा चुरा घट्ट बसला होता. मी नळी डब्यातून ओढून काढली आणि इंजिनपासून लांब, खाली तोंड करून बांधली.

"असं करत नाहीत," बाबा म्हणाले.

"मग ढकला."

ते गाडीत जाऊन बसले. गाडी पुन्हा थांबली नाही. फक्त पेट्रोलच्या वासानं वाईपर्यंत माझं डोकं उठलं.

आक्का ठेवणीतली साडी नेसून पायरीवर बसली होती. सीटा दोनच, म्हणून बाबा तिला घेऊन निघाले आणि मी दारात उभी राहिले. बराच वेळ झाला तरी ती दोघं येईनात. वैतागत, खरं तर घाबरत, मी नदीकडे चालत गेले. गाडी कृष्णेच्या काठाशी उभी होती. दोघं आत नुसती बसलेली.

"बंद पडली का?" मी विचारलं.

"नाही," आक्का म्हणाली. "आम्ही केली."

परतीच्या वाटेवर बाबा सारखे मागे वळून बघत होते. कर्वेनगरला पार्किंगमध्ये मी इंजिन बंद केलं, तरी ते उतरेनात. दिवसभर हा माणूस पंपावरून चिडलाय, असं मी समजत होते; उद्या आक्का जाणार, हे विसरूनच. मीही सीटला टेकून तशीच बसून राहिले.