कौशल्याबाईंच्या दारी मांडव

दत्तोबा बेलदरे यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, ओळंबा असतो. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीच्या टोकाला लट्टू बांधून सोडतात ना, तोच. गवंडी तो भिंतीला लावतात, दत्तोबा कशालाही लावतात. एकदा स्वारगेटला कात्रजच्या बसची वाट बघताना त्यांनी स्टॉपच्या खांबाला ओळंबा लावला आणि खांब दोन बोटं कलला असल्याचं जाहीर केलं. रांगेतला एकजण म्हणाला, दीड बोट. पुढे बस आली, गेली, आणि रांगेतली सात माणसं अर्धं बोट कुठे गेलं ते शोधत मागे राहिली.

दत्तोबांचा उद्योग म्हणजे लोकांच्या बागेतल्या फळझाडांना आणि वेलींना खांब रोवून, तारा ओढून आधार देणं. या शहरात त्याची फार गरज आहे. इथला माणूस हौसेने झाड लावतो आणि ते वाकलं की घरात जे मोडलेलं असेल त्याचा टेकू देतो. पडद्याचा रॉड, नातवाच्या क्रिकेटचा स्टम्प, सासऱ्यांच्या आजारपणात घेतलेला सलाइनचा स्टँड. बांधायला परकराची नाडी. सलाइनच्या स्टँडला टेकलेलं ते लिंबाचं झाड बघून दत्तोबा मालकाला म्हणाले होते, "सायेब, लिंबू घरी कधी सोडणार म्हनले डॉक्टर?"

ही विद्या त्यांनी सासऱ्यांकडून घेतली. सासऱ्यांची लोणी काळभोरला द्राक्षबाग होती. दत्तोबा मुलगी बघायला म्हणून गेले, तर घराच्या वाटेवर बाग लागली. नंतर चहा झाला, पोहे झाले, आणि "मुलगी कशी वाटली?" या प्रश्नावर दत्तोबा म्हणाले, "तारेला ताण झकास हाय." सासरे इतके खूश झाले की त्यांनी तो होकारच धरला. तुळजाबाई ही गोष्ट चाळीस वर्षं सांगतायत. "मला बघितलंच न्हाई त्यांनी. तार बघितली अन् मी तारेसंगं आली."

दत्तोबांच्या मते खांब कोणीही रोवतो, खरं काम ताणाचं. वेलीच्या भाराने तारा कोपऱ्यातला खांब आत ओढतात. म्हणून त्याला बाहेरच्या बाजूने एक तार बांधायची आणि ती जमिनीत खोल पुरलेल्या भल्यामोठ्या दगडाला अडकवायची. हा ताणाचा दगड. तो कोणाला दिसत नाही, पण मांडव उभा असतो तो त्याच्यामुळे. ताण या शब्दाला दुसराही अर्थ आहे हे दत्तोबांना मान्यच नाही. आमच्या गल्लीतला कोणी आयटीतला मुलगा "काका, हल्ली फार ताण आहे हो" म्हणाला, तर दत्तोबा काळजीने विचारतात, "कंच्या बाजूनं?"

अशा माणसाचा मांडव गेल्या वर्षी बसला.

सहकारनगरातल्या रविराज साहेबांनी अंगणात नवीकोरी फरशी बसवली होती आणि तिला कोणी पहार लावायची नाही असं बजावलं होतं. दत्तोबा दोन दिवस म्हणाले, दगडाशिवाय मांडव नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आग्रहाने दोन वेळा चहा पाजला आणि दत्तोबा भिडेला पडले. दगड पुरायच्या ऐवजी त्यांनी ताणाची तार बेडरूमच्या खिडकीच्या ग्रिलला बांधली. जुलैत वेल भरली, पावसाने आणखी जड झाली, आणि एका दुपारी मांडव बसला तो खिडकी सोबत घेऊन. साहेब त्या वेळी खिडकीशी पेपर वाचत होते. त्यांना काही लागलं नाही. फक्त उजेड एकदम वाढला.

त्यानंतर वर्षभर दत्तोबांना कोणी बोलावलं नाही. बोलावलंच तर आधी खिडक्यांची चौकशी होई. शेवटी तुळजाबाईंनी निकाल दिला, "आवो, आता बास. तार, पहार, खांब, समदं भंगारवाल्याला द्या."

"एक मांडव घालू दे," दत्तोबा म्हणाले. "कात्रजच्या कौशल्याताईंनी सांगितलाय. त्यो बसला तर भंगारवाल्याला मी सोता हाक मारतो."

"मी येऊन बघणार. अन् मोकळा न्हाई, भार पडल्यावर बघणार. मोकळा मांडव कुनाचाबी उभा ऱ्हातो."

द्राक्षबागेतल्या मुलीची अट दत्तोबांनी मान्य केली. चाळीस वर्षांची विद्या आता या एका मांडवावर टांगलेली होती.

कौशल्याबाई आमच्या शेजारी राहतात. मूळच्या उदगीरच्या, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. मुलगी अपेक्षा एकतीस वर्षांची आहे, घरूनच कंपनीचं काम करते, आणि लग्नाचा विषय निघाला की तिची मीटिंग सुरू होते. त्यांच्या दारची द्राक्षाची वेल सहा वर्षं कंपाउंडच्या भिंतीवर पसरून रस्त्याकडे लोंबत होती. दूधवाल्याच्या डोक्याला ती रोज लागे आणि त्याखेरीज तिने कोणाला काही दिलं नव्हतं. तिला मांडवावर घेऊन ऑक्टोबरात छाटली तर उन्हाळ्याच्या तोंडाशी घड येतील, असं दत्तोबांनी सांगितल्यापासून कौशल्याबाईंना झोप नव्हती.

पहिल्या दिवशी दत्तोबांनी पहिला खांब उभा केला आणि सासऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे कौशल्याबाईंना हळदकुंकू आणायला सांगितलं. मांडव लग्नाचा असो की द्राक्षाचा, पहिल्या खांबाची पूजा झाल्याखेरीज सासरे दुसरा खांब उचलत नसत. नारळ फुटला. खांबाच्या डोक्याला आंब्याचा डहाळा बांधला. खांब धरायला माणूस हवा म्हणून अपेक्षा दोन मीटिंगांच्या मधे बाहेर आली. अंगात योगायोगाने पिवळा कुडता होता. कौशल्याबाईंना ते दृश्य फार आवडलं. त्यांनी फोटो काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : "आज आमच्या दारी मांडवाची पहिली मेढ रोवली. अपेक्षाने स्वतः धरली. सहा वर्षांची इच्छा पूर्ण होणार."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त द्राक्ष हा शब्द राहून गेला होता.

ग्रुपवर धडाधड अभिनंदनं आली. आपल्या वेलीचं माहेरच्यांना एवढं कौतुक आहे हे बघून कौशल्याबाई भारावल्या. त्यांनी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवलं. मुलगा कोण, हा साधा प्रश्न एकानेही विचारला नाही, कारण थोरले बंधू नागोराव यांनी उदगीरमध्ये हुकूम काढला होता. "मुहूर्तमेढ रोवली अन् सख्ख्या भावाला सांगितलं नाही. मग आपणही काही विचारायचं नाही. सरळ जायचं."

इकडे दत्तोबा खड्डे खणत होते. चार कोपऱ्यांना चार ताणाचे दगड, आणि रविराज साहेबांची खिडकी मनात असल्याने प्रत्येक खड्डा गरजेच्या दुप्पट. तिसऱ्या खड्ड्यात ते कमरेपर्यंत दिसेनासे झाले तेव्हा कौशल्याबाई म्हणाल्या, "अहो दत्तोबा, मांडव घालताय की विहीर पाडताय?"

"ताई, पानी लागलं तर सांगतो."

शनिवारी संध्याकाळी शेवटची तार ओढून झाली. वेल अजून भिंतीवरच होती, ती सोमवारी चढवायची होती.

रविवारी सकाळी सात वाजता दारात उदगीरची जीप उभी राहिली. आतून अकरा माणसं निघाली. सगळ्यात शेवटी फेटा सावरत नागोराव उतरले. जीपच्या टपावर नऊ गोधड्या होत्या, कारण लग्नघरी अंथरुणाची ओढाताण होते हे त्यांना ठाऊक होतं. लोणी काळभोरजवळ परतीच्या पावसाने गाठलं, वरची ताडपत्री उडाली, आणि गोधड्या निथळत पुण्यात आल्या.

नागोराव बहिणीवर रुसलेलेच होते. मांडवाभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "मांडव तर दांडगा घातलास. कापड कुठाय?"

"कापड कशाला, दादा? ऊन लागायला पाहिजे."

"पाव्हण्यायला उन्हात बसवतीस?" नागोरावांनी घराकडे पाहिलं. "असू दे. जावई कुठले हायेत ते तरी सांग."

"कोण जावई?"

एवढ्यात अपेक्षा दात घासत बाहेर आली. तिने अकरा माणसं पाहिली, अहेराच्या पिशव्या पाहिल्या, खांबावरचा वाळलेला डहाळा पाहिला, आणि घरात तीच एक हुशार असल्याने तिला सगळं एकदम कळलं. ती ब्रश बाजूला धरून म्हणाली, "मामा, हे द्राक्षाचं आहे. माझं नाही."

नागोरावांनी वळून बाकीच्या दहाजणांना सांगितलं, "ऐकलाव का? द्राक्षाचं हाय."

एवढ्या लांबून लग्नाला यावं आणि नवरी वेल निघावी, याला काय तोंड करायचं असतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. फक्त नागोरावांची सून दीपमाला हिच्यापुढे वेगळा प्रश्न होता. लग्न असो नसो, रात्री अंथरायला गोधड्या कोरड्या हव्यात. समोर नव्याकोऱ्या, घट्ट ओढलेल्या तारा होत्या. तिने दोन माणसं हाताशी घेऊन नऊच्या नऊ गोधड्या मांडवावर टाकल्या. उदगीरची गोधडी म्हणजे चार जुनी लुगडी आणि वर दोन धोतरं. ती भिजली की माणसाने नुसतं बघावं, उचलायच्या भानगडीत पडू नये.

नऊ वाजता दत्तोबा तुळजाबाईंना मोपेडवर मागे बसवून आले. मोकळा मांडव तरी बघून जा, असं त्यांनी मोठ्या मिनतवारीने पटवलं होतं. फाटकाशी येताच त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मधल्या तारा हातभर खाली झोळल्या होत्या आणि कोपऱ्यातला एक खांब कुर्रर्र करत होता.

"काढा ती," ते कसेबसे म्हणाले. "पयली काढा. त्यो द्राक्षाचा मांडव हाय, परटाची दोरी न्हाय."

"ऱ्हाऊ दे," तुळजाबाई म्हणाल्या.

"अगं, वल्ल्या हायेत."

"म्हनूनच. भार पडल्यावर बघणार म्हनलं होतं ना? आता पडलाय."

त्यांनी पायरीवर बैठक मारली. दत्तोबांनी खिशातून ओळंबा काढला.

"खिशात ठिवा त्यो. डोळ्यांनी दिसतंय मला."

नागोरावांनी कौशल्याबाईंकडे चौकशी केली तेव्हा खिडकी, भंगारवाला, सगळंच बाहेर आलं. ते ऐकून अकरा माणसांना एकदम तरतरी आली. आलो त्या कार्याचं काही झालं नाही, पण इथे काहीतरी होणार होतं. सगळे भिंतीच्या कडेने ओळीत बसले. अपेक्षाने सगळ्यांना पोहे दिले. मीही शेजारधर्म म्हणून जाऊन बसलो, म्हणजे मलाही पोहे मिळाले. एवढ्या लोकांनी खांबाकडे इतक्या एकाग्रतेने पाहिलेलं मी कुठे बघितलं नाही.

खांब पुन्हा कुरकुरला. दत्तोबा उठून उभे राहिले.

"बसा हो," नागोराव म्हणाले. "तुमी उभं ऱ्हायलात म्हणून तो थांबत नसतो."

दहाच्या सुमाराला आणखी एकदा कुर्रर्र झालं. रस्त्याच्या बाजूच्या ताणाच्या तारेशी जमीन केसभर फाटली. दत्तोबांनी डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवू लागले. सासऱ्यांना हाक मारत असावेत. मग कुरकुर थांबली. गोधड्यांतून पाणी ठिबकत राहिलं. खाली ओल वाढली तसा वर भार उतरत गेला, आणि साडेअकराला ऊन चांगलं तापलं तेव्हा मधल्या तारा वीतभर वर आलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. कोपऱ्यातला खांब होता तिथेच होता. जमिनीखाली गरजेच्या दुप्पट खोल पुरलेला दगड आपलं काम करत होता.

तुळजाबाई उठल्या. चारी कोपऱ्यांना जाऊन पायाने माती दाबून पाहिली. दीपमालाला म्हणाल्या, "गोधड्या उलट्या कर, पोरी. खालच्या अंगानं वल्ल्याच हायेत." मग मोपेडकडे निघाल्या. फाटकात थांबून, मागे न बघता त्यांनी नवऱ्याला सांगितलं,

"आवो, आपल्या घरची तोंडलीची येल दिवाळीपास्नं भुईवर लोळतीय. तेवढं दोन खांबांचं बघा की कवातरी."