न धुतलेला मफलर

घट बसायच्या आधी आमच्या घरी दरवर्षी एक भांडण ठरलेलं असायचं. विषय एकच, सासऱ्यांचा मफलर.

मी मूळची इगतपुरीची. पावसाळ्यात तिथे काही म्हणजे काही वाळत नाही. शाळेचा गणवेशसुद्धा इस्त्री फिरवून, दमटच अंगात घालायचा. त्यामुळे लग्न होऊन नाशिकरोडला आले आणि इथलं कडकडीत ऊन पाहिलं, तेव्हा नवऱ्याच्या आधी मला गच्ची आवडली. नवरात्राआधी घरातली यच्चयावत गोधडी, चादर, पडदा धुऊन काढायचा रिवाज तर माझ्यासाठीच निघाला असावा. सासरे मात्र एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी केलेले. सारा जन्म कोळशाच्या राखेत गेल्यामुळे की काय, धुण्याबद्दल त्यांना फारसा आदर नाही. तपकिरी लोकरी मफलर धुतला की त्याची ऊब जाते, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्या दिवसांत ते तो स्कूटरच्या डिकीत लपवायचे. मी शोधायची, ते कानावर हात ठेवायचे.

घरातली मांजर त्यांची. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं बहुतेक तिच्याशीच चालायचं. पेपरातल्या बातम्या, गुडघ्याची कुरकुर, आजच्या आमटीत मीठ कमी, सगळं तिला सांगायचे. मीठ कमी असल्याचं मला असंच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळायचं.

मागच्याच्या मागच्या वर्षी धुण्याचा मला जरा जास्तच उत्साह आला. गोधड्या झाल्या, सोफ्याची कव्हरं झाली, मांजर ज्यावर झोपायची ते गोणपाटही तुडवून काढलं. फरशी फिनेलने पुसली. संध्याकाळी नवरा अंबडहून, कामावरून आला तो हातात खोकं घेऊन. कारखान्यात लाकडी पेट्यांच्या ढिगात मांजराची दोन पिल्लं सापडली होती आणि त्यांची आई काही परतली नव्हती. घर लख्ख, त्यात ही नवी बाळं. मी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि खोकं थेट बैठकीत मांडलं.

थोड्या वेळाने थोरली, म्हणजे सासऱ्यांची मांजर, फिरून आली. उंबऱ्यावर थबकली. फरशी हुंगली, सोफा हुंगला, गोणपाट हुंगलं. तेवढ्यात खोक्यातून बारीक आवाज आला. तिची शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी फुगली. एकदा गुरगुरली आणि कुंपणावरून जी गेली ती गेली.

"सवती आल्या म्हणून रुसली," मी म्हणाले. "पोट आणेल ओढून."

पोटाने काही आणलं नाही. सासऱ्यांनी दारात ठेवलेलं दूध मुंग्यांनी संपवलं. दुसऱ्या दिवशी पेपराची घडी मोडली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जेवताना "पुरे" एवढाच शब्द. आमटीत मीठ कमी होतं की जास्त, मला कळायला मार्ग उरला नाही. त्या गप्प घराची मला भीती वाटायला लागली. मांजर कदाचित दुसरं घर बघेल, पण सासऱ्यांनी कुणाशी बोलायचं?

चौथ्या दिवशी सकाळी ते डिकीतला मफलर गळ्याला गुंडाळून बाहेर पडले. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"बाबा, मफलर कशाला?"

"असू दे."

मी मागोमाग निघाले. शेजारच्या काकूंनी फाटकातूनच विचारलं, "बरं नाही का हो?" मी तशीच पुढे गेले. मागच्या गल्लीत एक अर्धवट इमारत आहे. तिथल्या विटांवर सासरे बसले, खिशातून पेपर काढला आणि मोठ्याने म्हणाले, "बाई, कांदा पुन्हा पडला बघ."

बराच वेळ ते वाचत राहिले. मग फळ्यांच्या ढिगाखालून थोरली निघाली, पोट खपाटीला गेलेलं. आली ती सरळ मांडीवर चढली आणि मफलरात तोंड खुपसून बसली. त्यांनी तिला त्यातच गुंडाळून घरी आणलं.

"पोरी," ते मला म्हणाले, "पिल्लांवर नाय चिडली ती. तिचं घरच तू बादलीतून काढलंस. तिचा वास कुठंच नाय अन् परक्यांचा सगळीकडं. मी पण गेलो असतो."

मग सूत्रं त्यांनी हातात घेतली. थोरली त्यांच्या खोलीत, पिल्लं स्वयंपाकघरात. मफलर रात्री तिच्याखाली, दिवसा पिल्लांखाली. जेवणाच्या वाट्या बंद दाराच्या अलीकडे-पलीकडे. मी रोज विचारायची, "आता उघडू?"

"घाई काय? तुला रुळायला किती दिवस लागले?"

दार आधी बोटभर उघडलं, मग हातभर. फिसकारणं झालं, थोरलीने दोघांच्याही एकेक कानाखाली वाजवली. आणि एका दुपारी पाहते तर तिने एकाला पंजाखाली दाबून धरलं होतं आणि त्रासलेल्या चेहऱ्याने त्याचं डोकं चाटत होती. मफलर खाली होताच. थंडी पडली तरी तो परत मिळाला नाही. सासरे उघड्या कानांनी फिरायला जायचे. मी नवा आणला, तो त्यांनी घडी करून कपाटात ठेवला.

गेल्या वर्षी पुन्हा धुणं काढलं. सकाळीच सासरे मांजरांच्या कोपऱ्यात गेले. मफलर नव्हता. ते गुडघे धरत गच्चीवर आले आणि कठड्यावरची एकेक गोधडी बघत पुढे सरकले. मला ते बघवेना. ओल्या हातांनीच त्यांना खाली आणलं आणि बाजरीच्या डब्यामागचा मफलर काढून दाखवला.

"धुतला?"

"नाही. चुकून धुण्यात जायला नको म्हणून मीच लपवला."

त्यांनी तो नाकाशी धरून खात्री केली. मी हात धुवायला नळ सोडला, तसे ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकले. तिन्ही मांजरं ओट्याखाली पसरलेली होती, पण ते माझ्याकडे बघत होते.

"कांद्याचं वाचलंस का आज?" ते म्हणाले.

वाचलं होतं. "नाही," मी म्हणाले आणि नळ बंद केला.