कारभाऱ्यांनी दुसऱ्यांदा टाकलेल्या कवड्या

कारभाऱ्यांनी कवड्या दुसऱ्यांदा टाकल्या होत्या, हे खरं आहे. फक्त एकदा. आणि त्या माझ्यासाठी टाकल्या होत्या. यातलं पहिलं वाक्य मी काही वर्षांपूर्वी बावीस माणसांसमोर लिहिलं. पुढची दोन आजवर कोणाला सांगितलेली नाहीत, बायकोलासुद्धा नाही.

असले खेळ ज्यांनी खेळले आहेत त्यांना कारभारी म्हणजे कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. फोनवर आमचा एक ग्रुप होता आणि त्या ग्रुपमध्ये सातघाट नावाचं एक गाव होतं. जुन्या काळातलं, नदीकाठचं, प्रत्यक्षात कुठेच नसलेलं. आम्ही प्रत्येक जण त्या गावातला एकेक माणूस. कोणी वैद्य, कोणी विणकर, कोणी मेंढपाळ. मी भैरू नावाडी. आपला माणूस आज काय बोलला, काय करायला निघाला, हे रोज संध्याकाळी लिहायचं. त्याचं पुढे काय झालं हे ठरवणारा एकच माणूस, तो कारभारी. नदीला पाणी किती, चोर सापडला का, औषध लागू पडलं का, सगळं त्यांच्याकडे. असं चार-साडेचार वर्षं चाललं. लेकरांचा खेळ म्हणून हसायचं असेल तर हसा. आमच्यात पन्नाशी उलटलेले लोक होते.

कारभारी निकाल द्यायचे ते दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आणि जेवण झाल्यावरच. भाकरी खाऊन, हात धुऊन, पुसून, मग सहा कवड्या हातात घ्यायच्या. कोणी सकाळी घाई केली तर त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "उपाशी माणसानं न्याय करू नये. डबा होऊ द्या." कवड्या पांढऱ्या कागदावर टाकायच्या. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या तर काम झालं, नाहीतर फसलं. वेळ दिसावी म्हणून शेजारी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. खाली एक ओळ, "पडलं ते पडलं." मनासारखं उत्तर मिळालं नाही म्हणून कोणी भांडायला लागलं, तर तीच ओळ पुन्हा.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात ते उगवण तपासायचे. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागदाची सुरळी करून ठेवायची आणि ठरल्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. तीस वर्षं हेच काम. बोटांना कायम ओल्या कागदाचा वास. बोलता बोलता समोरच्या टेबलावरचं काहीही मोजत राहायचे, शेंगदाणे असोत नाहीतर माझ्या शर्टाची बटणं. एकदा मला म्हणाले, "शंभरात ऐंशी उगवले तर ऐंशीच लिहायचे. इथं मी एक्याऐंशी लिहिलं, की तिकडं कोणाच्या तरी वावरात नांगी पडती, उगवणीत जागा मोकळी ऱ्हाती. त्याला बिचाऱ्याला कळत बी न्हाई, का पडली." मी जवळच एका लोखंडाच्या मिलमध्ये माल पाठवण्याच्या कामावर होतो. दुपारी मोटारसायकल काढली की सात मिनिटांत त्यांच्यापाशी. ग्रुपमधल्या बावीस जणांपैकी त्यांना समोरासमोर भेटणारा मी एकटाच.

कारभारी हे नाव सगळ्यांनी घेतलं, सुनंदाबाईंनी मात्र घेतलं नाही. त्या कुंभार पिंपळगावच्या, शाळेत शिक्षिका. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं, "आमच्याकडं कारभारी म्हणजे नवरा. घरात एक हाय तेवढा पुरे. मी भाऊ म्हणणार." कारभाऱ्यांनी उत्तर दिलं, "म्हणा बाई. पण चोरी केली तर भाऊ बी सोडणार न्हाई." कारण बाईंनी माणूस घेतला होता तो चंद्री चोर. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "दिवसभर पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून घसा बसतो. संध्याकाळी जरा चोरी करू द्या की राव." आणि काय चोऱ्या करायच्या! आधी चार दिवस कुत्र्याला भाकरी घालून ठेवायच्या, कोणत्या पायरीचा दगड हलतो ते विचारून घ्यायच्या, मग घरात शिरायच्या. कवड्या टाकायची वेळच कमी यायची. कारभारी मला म्हणायचे, "ही बाई बिलकुल नशिबावर चालत न्हाई. ही डोक्यावर चालती."

माझा भैरू नावाडी सगळ्यांचा लाडका होता. त्याचं बोलणं लोक एकमेकांना वाचून दाखवायचे. "नदीला घाई न्हाई, तुला कशाची जल्दी?" हे त्याचं वाक्य. ते माझं नव्हतं, माझ्या वडिलांचं होतं. शहागडला हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले की ते बसल्या जागेवरून म्हणायचे, "टायरला घाई न्हाई बाबा, तुलाच हाय." मी जालन्याला आलो, ऑफिसातलं मराठी बोलायला लागलो, आणि वडिलांसमोर गप्प बसायची सवय लागली. ते गेले तेव्हा त्यांचं बोलणं माझ्या कानात सगळं होतं, पण माझ्या तोंडात बसत नव्हतं. भैरूच्या तोंडात बसलं. रोज संध्याकाळी अर्धा तास वडील बोलायचे आणि मी लिहून घ्यायचो. हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग सातघाटला पूर आला. भैरू एका बाळंतिणीला पैलतीरी न्यायला निघाला आणि नाव मधेच उलटली. नियम साधा होता, तीन उताण्या पडल्या तर वाचला, नाहीतर गेला. आणि गेलेला माणूस परत येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डबा उघडला, मला अर्धी भाकरी दिली, ती मी हातातच धरून बसलो. हात धुऊन त्यांनी कवड्या टाकल्या. एक उताणी, पाच पालथ्या.

ते घड्याळ काढायला लागले, तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं, "कारभारी, तो माझा बाप आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, शहागड, दुकान, टायर, सगळं. ते म्हणाले, "म्हणून तो असा बोलतो व्हय." मग कवड्या गोळा केल्या, मूठ मिटली आणि पुन्हा टाकल्या. चार उताण्या. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. "आता गप ऱ्हायचं. मी बी, तू बी."

त्या फोटोखाली त्यांनी "पडलं ते पडलं" लिहिलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. आणि मी निघत होतो तेव्हा त्यांनी हाताखालच्या माणसाला हाक मारली, "आजच्या सुरळ्या तू मोज. माझ्या हातानं आज मोजणी नको."

त्यानंतर भैरू दीड वर्ष जगला, हसला, बोलला. मी ती दुपार विसरलो नाही, पण उपकार म्हणून लक्षात ठेवली नाही. हक्क म्हणून ठेवली. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. बाईंच्या चंद्रीनं देवळाची घंटा चोरली. झाकून, कडब्याच्या पेंढ्यांत घालून, माझ्याच नावेतून पलीकडे नेली. भैरूला पेंढ्यांचं वजन जाणवलं का, यासाठी कवड्या टाकल्या, त्या पालथ्या पडल्या. चोरीचा माल नेला म्हणून गावानं भैरूची नाव जप्त केली. मी दुपारी जाऊन भांडलो.

"वीस वर्षं नाव चालवतो तो. त्याला वजन कळणार नाही?"

"पडलं ते पडलं."

"एकदा टाकल्या होत्या ना? मग आता काय झालं?"

कारभाऱ्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तवा मरण होतं रे. आता निस्तं हरणं हाय. त्यात फरक हाय का न्हाई?"

मी तसाच उठून आलो.

ग्रुपमध्ये तेव्हा कुरबुर चालूच होती. अभय म्हणून जालन्याचाच एक तरुण, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याचं म्हणणं, फोनमध्ये फासे टाकायची सोय आहे, मधे माणूस कशाला? कारभारी म्हणायचे, "टाकू द्या यंत्राला, माझी ना न्हाई. पण पडलेलं वाचणार कोण?" हळूहळू दोन तट पडले. आणि घंटेच्या चोरीनंतरच्या रविवारी दुपारी अभयनं उघडच लिहिलं, "फोटो एकच येतो. त्याआधी किती वेळा टाकल्या ते कोणाला माहीत? चंद्री दर वेळी सुटतेच कशी?"

बाईंनी लिहिलं, "अभय, माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता."

सगळे हसले. तिथेच ते मिटलं असतं. मी ताट बाजूला सारलं आणि लिहिलं, "कारभाऱ्यांनी कवड्या दुसऱ्यांदा टाकल्या होत्या. मी समोर होतो."

मग कारभाऱ्यांचं उत्तर आलं. "खरं हाय. एकदा."

अभयनं विचारलं, "कोणासाठी?"

कारभारी लिहीत आहेत असं दिसायचं, मग थांबायचं, पुन्हा दिसायचं. माझं नाव येणार म्हणून मी फोन हातात धरून बसलो होतो. त्यांनी लिहिलं, "ते सांगणार न्हाई. चूक माझी हाय."

बाईंचा निरोप आला, "भाऊ, सांगा ना. माझ्यावर येऊन राह्यलं हे."

"बाई, माफ करा," असं कारभाऱ्यांनी लिहिलं, आणि लोकांना जे हवं होतं ते मिळालं. माफी मागतोय म्हणजे तिच्यासाठीच टाकल्या. कोणीतरी एक घाणेरडा विनोद केला, तो मी इथे लिहीत नाही. मिनिटाभरात बाई ग्रुपमधून बाहेर पडल्या. एक नाव लिहिलं असतं तर दोघंही सुटले असते. ते नाव माझंच होतं. मी फोन पालथा ठेवला आणि जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी गाव अभयच्या हवाली केलं. यंत्र फासे टाकायला लागलं, बरोबर टाकायचं, कोणी तक्रार केली नाही. दोन महिन्यांत लिहिणारंही कोणी उरलं नाही.

लोकांनी कारभाऱ्यांना लबाड म्हटलं ते एक. पण मला जास्त टोचतं ते बाईंचं. त्या घरी बसून काय विचार करत असतील? चार वर्षांत आपण जे जे डोक्यानं मिळवलं, ते भाऊंनी दयेनं दिलं होतं का? कुत्र्याला घातलेल्या भाकऱ्या, हलणारा दगड, कडब्यातली घंटा, यातलं आपलं काय होतं? त्यांना हे विचारायलाही जागा उरली नव्हती.

दोन वर्षांनी कारभारी मला जालन्याच्या बसस्टँडवर भेटले. निवृत्त झाले होते, परतूरला मुलीकडे निघाले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनीच विचारलं, "बाप बोलतो का रे अजून?"

"नाही कारभारी. बंद झालं ते."

"एवढंसं बी न्हाई लिहीत?"

"नाही."

ते थोडा वेळ फलाटावरच्या गाड्या बघत राहिले. "मंग मी कशापायी टाकल्या रे त्या?" रागानं नाही म्हणाले. हिशेब लागत नसल्यासारखं म्हणाले. मी म्हणालो, "कारभारी, त्या रविवारी मी..." त्यांनी हात वर केला. "मला नको सांगू. मला ठावं हाय. बाईला सांग. मीच गेल्तो पिंपळगावला एकदा, शाळेपोहोत. पण सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागतंय, अन् मी गप ऱ्हायचं कबूल केल्तं. तसाच परत आल्तो." परतूरची गाडी लागली. पिशवी सावरत चढले. खिडकीतून हात तेवढा हलवला.

मागच्या थंडीत ते गेले. जुना ग्रुप फोनमध्ये अजून आहे, त्यावर अभयनंच बातमी टाकली. बऱ्याच जणांनी हात जोडले. एकानं लिहिलं, "माणूस प्रेमळ होता. फक्त निकालात गडबड करायचा." मी उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुसलं. शेवटी मीही हात जोडून मोकळा झालो. मिलच्या मालाच्या निमित्तानं घनसावंगीकडे जाणं होतं. दोनदा पिंपळगावातून गेलो, एकदा शाळेच्या फाटकापर्यंत. आत वर्ग भरलेला होता आणि बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी गाडी वळवली.

आता तुम्हाला सांगितलं. पण तुम्ही ते लोक नाही. ज्या बावीस जणांसमोर मी अर्धं सांगितलं, त्यांच्यासमोर उरलेलं अर्धं माझ्या नावानिशी लिहिणं बाकी आहे. आणि सुनंदाबाईंच्या दारात उभं राहून, त्या दुसऱ्या कवड्या माझ्यासाठी होत्या, तुमची चंद्री एकदाही दयेवर सुटली नाही, हे त्यांना तोंडावर सांगणं बाकी आहे. एवढं माझ्याकडे आहे. अजून दिलेलं नाही.